उजव्या बरगडीखालचा ताप

रायपूरहून धमतरीकडे जाताना लागणारं अभनपूर एकेकाळी नॅरोगेजच्या फाट्यासाठी ओळखलं जाई. एक रूळ धमतरीला, दुसरा राजिमला. ३० मार्च २०२५ ला इथल्या मेमू गाडीला हिरवा झेंडा मिळाला. रायपुरातलं एम्स आणि आंबेडकर रुग्णालय आता हाकेच्या अंतरावर आहे. सोनोग्राफी लांब पडते, ही सबब इथे फारशी चालायची नाही. तरी यकृतात गळू झालेला माणूस आपल्याकडे अजून उशिराच दाखल होतो. याचं कारण अंतरापेक्षा त्या तापाच्या बहुरूपीपणात आहे.

थंडी वाजून ताप येतो, म्हणून मलेरियाचा संशय. आठवडा उलटला की टायफॉइडचा. खोकला आणि उजव्या खांद्यात कळ असेल तर न्यूमोनियाचा, कारण गळू यकृतावरच्या श्वासपटलाला डिवचत असतं. काविळीची वाट पाहावी तर ती बहुतेकांना होतच नाही. चांगला डॉक्टर अशा वेळी रोग्याला आडवं करतो आणि उजवीकडच्या खालच्या बरगड्यांच्या मधल्या जागेत एकच बोट दाबतो. रोगी कळवळला की पुढची चिठ्ठी सोनोग्राफीची. शौचाच्या तपासणीवर मात्र विसंबू नये. गळू झालेल्या अनेकांच्या शौचात अमीबा सापडत नाही, जुलाब झाल्याचंही त्यांना आठवत नाही.

आपल्याकडचं नेहमीचं गळू अमिबाचं. त्याच्या पुटी (सिस्ट) दूषित पाण्यातून आणि उघड्यावरच्या खाण्यातून पोटात जातात. नळाच्या क्लोरीनला त्या दाद देत नाहीत, उकळल्यावरच मरतात. आतड्यातून रक्तावाटे अमीबा यकृतात शिरतो, बहुधा उजव्या भागात. रोगी बहुतांशी तरुण-मध्यमवयीन पुरुष, आणि त्यांत पिणारे बरेच. छत्तीसगडात यावरून मोहाच्या दारूला बोल लावणं सोपं आहे, पण मोहाची दारू ऊर्ध्वपातनाने काढतात, त्या भट्टीतून पुटी जिवंत निघणार नाही. तीत मिसळलेलं पाणी आणि सोबतचा चखणा हे खरे संशयित. ताडी उकळलेली नसते, तिची गोष्ट वेगळी. शिवाय दारूने पोखरलेलं यकृत आधीच हतबल असतं.

दुसरं गळू जिवाणूंचं. पित्ताशयातले खडे, पिकलेलं अपेंडिक्स आणि मधुमेह ही त्याची घरं. त्यातला पू पिवळा, बहुधा दुर्गंधीचा; अमिबाचा पू चॉकलेटी आणि बिनवासाचा. गंमत अशी की त्या चॉकलेटी पुवात अमीबा क्वचितच दिसतो, तो गळवाच्या भिंतीला चिकटून बसलेला असतो.

एकोणिसाव्या शतकात भारतातल्या गोऱ्या पलटणींना या रोगाने हैराण केलं होतं. पोट उघडून पू काढायचा, आणि निम्म्याच्या आसपास रोगी दगावायचे. १९१२ मध्ये कोलकात्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी एमेटिनचं इंजेक्शन रुळवलं. ते गुणकारी होतं, पण हृदयाला जाचक. १९६६ साली दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनहून मेट्रोनिडाझोलच्या यशाच्या बातम्या आल्या आणि चित्र पालटलं. आज वेळेवर दाखल झालेल्या, गुंतागुंत नसलेल्या अमिबाच्या गळवात मृत्यू शंभरात एखादा, तोही क्वचित. गळू छातीत किंवा पोटात फुटलं, की हिशेब बदलतो. डावीकडचं हृदयाच्या आवरणात फुटू शकतं, म्हणून तिथे डॉक्टर सुई किंवा नळी घालून पू काढण्याची घाई करतात. उजवीकडे मोठं असेल किंवा तीन-चार दिवसांत ताप हटत नसेल तरच.

माझी तक्रार अर्धवट उपचाराची आहे. मेट्रोनिडाझोलने तोंडात लोखंडाची चव येते, त्यावर दारू चालत नाही असं डॉक्टर बजावतात. मग पिणारा बाटली नाही सोडत, गोळी सोडतो. आणि जो सात-दहा दिवस नेटाने घेतो, त्याच्याही आतड्यात पुटी उरतात. त्यांच्यासाठी डायलोक्झानाइडसारखं दुसरं औषध लागतं, ते चिठ्ठीवरून सहज गळतं. उलट, जिथे घाबरायचं नाही तिथे लोक घाबरतात. ताप गेला, भूक आली, वजन वाढलं, तरी सोनोग्राफीत पोकळी दिसतेच. ती भरायला कित्येक महिने लागतात. तोवर दर पंधरवड्याला पोटावर जेल लावून पैसे घालवण्याचं काही कारण नसतं.