पाचारण आणि मजुरी

ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या नव्या करारात 'क्लेसिस' असा एक ग्रीक शब्द येतो. हाक मारणे, बोलावणे या अर्थाच्या क्रियापदापासून तो सिद्ध झाला आहे. मराठी बायबलात त्यासाठी 'पाचारण' हा भारदस्त शब्द योजलेला आढळतो. धर्मशास्त्राच्या अभ्यासकांपुरता वाटणारा हा शब्द अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही टाळता येत नाही. माणूस काम कशासाठी करतो आणि त्या कामाचे मोल कोणी ठरवायचे, हा प्रश्न या शब्दाभोवती शतकानुशतके घोटाळत राहिला आहे.

संत पौलाच्या लेखनात ही हाक मुख्यतः श्रद्धेची आहे, धंद्याची नव्हे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ७ व्या अध्यायात तो सांगतो की, ज्याला ज्या स्थितीत पाचारण झाले त्याने त्या स्थितीत राहावे. पुढे मध्ययुगीन युरोपात पाचारण म्हणजे मठवासी आणि धर्मोपदेशक यांचा विशेषाधिकार, अशी समजूत रूढ झाली. १६ व्या शतकात मार्टिन ल्यूथरने ती मोडली. 'बेरूफ' हा जर्मन शब्द त्याने नित्याच्या व्यवसायालाही लावला. जोडे शिवणाऱ्याचे आणि नांगर धरणाऱ्याचे काम मठातल्या प्रार्थनेइतकेच ईश्वराला प्रिय ठरले. याच कल्पनेत आधुनिक भांडवलशाहीच्या मनोवृत्तीचे एक मूळ आहे, असे प्रतिपादन मॅक्स वेबर या समाजशास्त्रज्ञाने १९०४-०५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात केले.

परंतु हा शब्द दुधारी आहे. जो श्रमाला प्रतिष्ठा देतो, तोच श्रमिकाला जागच्या जागी खिळवूनही ठेवू शकतो. करिंथच्या दासाला 'आहेस तेथेच राहा' असे सांगणारे याच वचनाचा आधार घेऊ शकत होते. वास्तविक पुढच्याच ओळीत स्वातंत्र्याच्या संधीचा उल्लेख आहे. पण सोयीचे तेवढेच वाचण्याची सवय कोणत्याही एका धर्माची मिरासदारी नाही. आपल्याकडे 'स्वधर्म' या उदात्त शब्दाचा असाच वापर करून पिढ्यान्‌पिढ्या माणसांना जन्मजात कामाला जुंपले गेले. तेव्हा हाक खरी कोणती आणि सोयीची कोणती, हे ओळखण्याची काही कसोटी हवी.

ती कसोटी शोधण्यासाठी आम्हा वर्धा जिल्ह्यातील मंडळींना फार दूर जावयास नको. तंजावरच्या ख्रिस्ती कुटुंबात १८९२ साली जन्मलेले जे. सी. कुमारप्पा लंडनला हिशेबतपासनीस झाले, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकले आणि १९२९ साली गांधीजींना भेटले. मुंबईतला किफायतशीर व्यवसाय त्यांनी सोडला. अखिल भारत ग्रामोद्योग संघ १९३४ साली स्थापन झाला, तेव्हा त्याची धुरा घेऊन ते वर्ध्याच्या मगनवाडीत आले. तेलघाणी, हातकागद, मधमाश्यापालन हे त्यांच्या प्रयोगांचे विषय झाले. येशूच्या शिकवणुकीवर त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले. पण आपली श्रद्धा त्यांनी घाणीपासून आणि हिशेबाच्या वहीपासून कधी वेगळी ठेवली नाही. हे अस्सल पाचारण होय. त्याने माणसाला स्थितीत बांधले नाही. असलेल्या स्थितीतून बाहेर काढले.

कामात कष्ट आणि विकास असे दोन अंश असतात, अशी कुमारप्पांची मांडणी होती. दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला आले पाहिजेत. एकाने केवळ राबावे आणि दुसऱ्याने केवळ भोगावे, अशी फाळणी झाली की समाज गुलामगिरीकडे जातो. याच काळात गांधीजींनी कातणाऱ्या स्त्रियांना निर्वाहापुरती मजुरी मिळालीच पाहिजे असा आग्रह धरला. खादी महागेल, खप घटेल, ही भीती पत्करून चरखा संघाने १९३५ साली मजुरी वाढविण्याचा निर्णय घेतला. सूतकताईला यज्ञ म्हणणाऱ्यांनी यज्ञाच्या नावाखाली मजुरी बुडविली नाही. कसोटी आहे ती हीच: जो दुसऱ्याच्या कामाला पवित्र म्हणतो, तो त्या कामाची पुरती किंमत मोजावयास तयार आहे काय?

समुद्रपूरसारख्या कापूस-सोयाबीनच्या तालुक्यात हा प्रश्न पुस्तकी उरत नाही. शेतकऱ्याला आपण अन्नदाता म्हणतो, परिचारिकेच्या कामाला सेवा म्हणतो, अंगणवाडी ताईंच्या मोबदल्याला तर वेतन न म्हणता 'मानधन' म्हणतो. शब्द जितका उंच, तितका दाम हलका, असा हा विचित्र व्यवहार आहे. मग शेतकऱ्याचा पदवीधर मुलगा शेताकडे पाठ फिरवून स्पर्धा परीक्षेच्या रांगेत उभा राहिला, तर त्याला ध्येयशून्य म्हणण्याचा अधिकार आपणांस कसा पोचतो? बापाच्या कामाचा हिशेब त्याने घरात बसून पाहिलेला असतो.

अर्थात, प्रत्येक कामाचे मोल पैशात होते असा याचा अर्थ नव्हे. पैशापलीकडची ओढ नसेल तर चांगला शिक्षक, चांगला वैद्य वा चांगला शेतकरी निपजणार नाही. पण ती ओढ ज्याची त्याने आपल्या अंतःकरणात ऐकावयाची असते. दुसऱ्याला ती ऐकवून त्याची मजुरी कापावयाची नसते. हाक देणारा ईश्वर असेल. हिशेब चुकता करण्याची जबाबदारी मात्र समाजाची आहे.