वर्गांतील कला आणि मुलांचें ज्ञान

शाळेचा वार्षिक समारंभ पाहावयास आलेल्या पालकास वर्गाच्या भिंती चित्रांनीं व कागदी फुलांनीं भरलेल्या दिसतात, आणि शिक्षणांत कलेचा प्रवेश झाला, असें समाधान मानून तो घरीं परततो. परंतु त्या फुलांवरून मुलास काय समजलें, असें विचारल्यास उत्तर सहसा मिळत नाहीं. पुष्कळदां तें काम आईबापांनीं रात्रीं जागून केलेलें असतें. सजावटीचें सामान विकणाऱ्या दुकानदाराचें ज्ञान मात्र त्यांत उत्तम प्रकट होतें.

चित्र, माती, गायन, नाट्य यांच्या साह्यानें इतर विषय शिकावे, ही कल्पना नवी नव्हे. शांतिनिकेतनांत शिकलेले देवीप्रसाद १९४४ सालीं वर्ध्याजवळच्या सेवाग्रामास आले व नयी तालीमच्या शाळेंत १९६२ पर्यंत त्यांनीं मुलांच्या कलेचें काम केलें. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेंही कला व इतर विषय यांची सांगड घालण्याचा पुरस्कार केला. प्रश्न एवढाच उरतो कीं, मुलाच्या कृतीवरून त्याचें ज्ञान ओळखावें कसें?

कृष्णा नदीचा धडा घ्यावा. ‘कृष्णा कोठें उगम पावते व कोणत्या समुद्रास मिळते?’ या प्रश्नास ‘महाबळेश्वर’ आणि ‘बंगालचा उपसागर’ हीं दोन उत्तरें पाठ करून पूर्ण गुण मिळवितां येतात. वास्तविक येथें मुलास नवल वाटावयास हवें. अरबी समुद्र उगमापासून अवघा सुमारें ६५ किलोमीटरांवर आहे. तरी नदी त्याच्याकडे पाठ फिरवून तेराशेंहून अधिक किलोमीटर पूर्वेस जाते. असें कां, हें समजलें कीं नाहीं तें दोन शब्दांच्या उत्तरावरून कळत नाहीं.

आतां त्याच मुलास एका पाटावर मातीचा सह्याद्रि करावयास सांगावें आणि माथ्यावर तांब्यानें पाण्याची बारीक धार सोडावी. पश्चिमेस तुटलेला कडा व पूर्वेस लांब, मंद उतार त्यानें साधला असेल, तर पूर्वेकडील धार आपोआप देशावर चालूं लागते. डोंगराचा नुसता ढीग केला असेल, तर पाणी वाटेल तिकडे धांवतें. पाण्याला कोणाची भीड नसते! त्याच महाबळेश्वरीं उगम पावणारी सावित्री पश्चिमेस उतरून अरबी समुद्रास मिळते. दोन्ही नद्या एकाच पाटावर विरुद्ध दिशांनीं नेऊन दाखविणाऱ्या मुलास जलविभाजक म्हणजे काय तें समजलें, असें मानण्यास हरकत नाहीं. मग तो शब्द त्याला लिहितां न आला तरी चालेल. घरीं निराळी बोली बोलणाऱ्या, लेखणी हातीं येतांच गोंधळणाऱ्या मुलांचें ज्ञान उत्तरपत्रिकेंत बंद राहतें आणि तीं ‘ढ’ ठरतात. त्यांच्यासाठीं हा पाट म्हणजे न्यायाची दुसरी कचेरीच होय.

इतर विषयांतही असेंच करितां येतें. त्रितालाच्या सोळा मात्रा हातानें मोजीत त्याचे बोल दुगुनींत म्हणणारें मूल आठ मात्रांत एक आवर्तन पुरें करितें. अर्ध्याचा अर्थ त्याच्या टाळींत ऐकूं येतो. मुलांनीं रचलेल्या पोवाड्यांत सुरतेची स्वारी आधीं आणि लाल महालावरील छापा नंतर आला, तर १६६३ व १६६४ या सालांचा क्रम मनांत बसलेला नाहीं, हें गुरुजींस तत्काळ कळतें.

गुण देतांना मात्र सावध असावें. भूगोलाचे गुण उताराला द्यावे, रंगाच्या सफाईला नव्हे. कलेची पारख करावयाची असेल तर ती निराळी करावी. नाहींतर चांगला हात असलेलें मूल न समजतां पुढें जातें आणि समजलेलें मूल मागें राहतें. काम वर्गांतच व्हावें, घरीं नेऊं देऊं नये.

मांडणी करितांना पहिला बिघडलेला पाट फेकून न देतां सुधारलेल्या पाटाशेजारीं ठेवावा. काय बदललें व कां बदललें, हें मुलानें स्वतःच्या दोनचार वाक्यांत लिहावें. लिहितां येत नसल्यास सांगावें. पाहुण्यांसमोर पाणीही त्यानेंच ओतावें. फरशी ओली होते खरी, पण एक जुनें फडकें हाताशीं असलें म्हणजे तेवढ्याची सोय होते.