अल्झायमर रोगातील मेंदूचे प्रतिमादर्शन

अल्झायमर रोगाचे निदान करण्यासाठी व त्याची वाढ अजमाविण्यासाठी जिवंत मेंदूची रचना, चयापचय आणि त्यात साचलेली प्रथिने यांच्या प्रतिमा मिळविण्याची तंत्रे. जर्मन मनोविकारतज्ञ आलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ट्यूबिंगेन येथे या रोगाचे प्रथम वर्णन केले, ते एका मृत स्त्रीच्या मेंदूचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासून. कोशिकांबाहेरील चकत्या व कोशिकांतील तंतूंचे गुंते त्यांना आढळले. चकत्यांमध्ये बीटा-ॲमिलॉइड व गुंत्यांमध्ये टाउ हे प्रथिन असते, हे पुढे १९८० नंतरच्या दशकात समजले. या खुणा जिवंतपणी दिसत नसल्यामुळे खात्रीचे निदान शतकभर शवपरीक्षेवरच अवलंबून राहिले.

१९७१ मध्ये प्रथम रुग्णावर वापरल्या गेलेल्या संगणकीय छेददर्शनाने (सीटी) मेंदूतील अर्बुद, रक्तस्राव यांसारखी स्मृतिभ्रंशाची अन्य कारणे वगळता येऊ लागली. चुंबकीय अनुस्पंदनाच्या (एमआरआय) प्रतिमा अधिक स्पष्ट असतात. नव्या आठवणी साठविण्याशी संबंधित असलेला हिप्पोकँपस हा भाग या रोगात लवकर आक्रसतो. निरोगी वृद्धांत त्याचे आकारमान वर्षाला सु. १·५ टक्क्याने, तर रुग्णांत सु. ४ ते ५ टक्क्यांनी घटते. मात्र असा संकोच इतर विकारांतही होतो.

पॉझिट्रॉन उत्सर्जन छेददर्शनात (पेट) किरणोत्सर्गी अणू जोडलेले द्रव्य शिरेतून देतात. फ्ल्युओरीन-१८ युक्त ग्लुकोजसदृश द्रव्य दिल्यास पार्श्व व शंख खंडांत ग्लुकोजचा वापर मंदावलेला दिसतो. ललाट खंडातच तो प्रामुख्याने मंदावलेला असल्यास वेगळ्या रोगाचा संशय येतो. खरी क्रांती झाली ती पिट्सबर्ग येथील विल्यम क्लंक व चेस्टर मॅथिस यांनी तयार केलेल्या संयुगामुळे. हे संयुग ॲमिलॉइडला चिकटते. २००२ मध्ये स्वीडनमधील अप्साला येथे ते प्रथम रुग्णाला दिले गेले. त्यातील कार्बन-११ चा अर्धायुकाल केवळ २० मिनिटे असल्याने सायक्लोट्रॉन जवळ असलेल्या केंद्रांतच ते वापरता येते. फ्ल्युओरीन-१८ चा अर्धायुकाल सु. ११० मिनिटे असतो. अशा फ्लोरबेटापिर या द्रव्याला अमेरिकेत २०१२ मध्ये आणि टाउ दाखविणाऱ्या फ्लोरटाउसिपिरला २०२० मध्ये मान्यता मिळाली.

प्रतिमेत ॲमिलॉइड दिसणे म्हणजे स्मृतिभ्रंश झाला असे नव्हे. स्मृती शाबूत असलेल्या व्यक्तींतही ते आढळते, पन्नाशीत सु. १० टक्के, तर नव्वदीत सु. ४४ टक्के लोकांत. ॲमिलॉइड लक्षणांच्या १५–२० वर्षे आधीपासून साचू लागते, परंतु कित्येकांत लक्षणे कधीच उद्भवत नाहीत. म्हणून तक्रार नसलेल्या माणसाची केवळ कुतूहलापोटी अशी तपासणी करणे इष्ट नाही. तिच्यातून बहुधा भीतीच पदरी पडते. याउलट, ॲमिलॉइडचा अभाव दिसला तर विस्मरणाचे कारण अन्यत्र शोधावे लागते, व हा निष्कर्ष अधिक भरवशाचा असतो. टाउचा प्रसार मात्र लक्षणांच्या तीव्रतेशी बराच जुळतो.

ॲमिलॉइड काढून टाकणाऱ्या लेकानेमॅब (२०२३) व डोनानेमॅब (२०२४) या प्रतिपिंडांना अमेरिकेत मान्यता मिळाल्यापासून प्रतिमादर्शन उपचारांचाही भाग बनले आहे. ही औषधे रोगाची गती थोडी मंदावतात, पण काही रुग्णांत मेंदूला सूज येते वा सूक्ष्म रक्तस्राव होतो. त्यांवर लक्ष ठेवण्यासाठी उपचारापूर्वी व पहिल्या काही मात्रांच्या दरम्यान एमआरआय करावे लागते. डोनानेमॅबच्या चाचण्यांत पेट प्रतिमेत ॲमिलॉइड पुरेसे घटल्याचे दिसताच औषध थांबविण्यात आले होते.