जिवंत देहातील खनिजांची मोजदाद

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे १ किलोग्रॅम कॅल्शियम असते. त्यापैकी जवळजवळ ९९ टक्के अस्थी व दात यांत साठविलेले असते. उतारवयात, विशेषतः रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये, हा साठा घटू लागतो. रक्ततपासणीत ही घट सहसा आढळत नाही, कारण रक्तातील पातळी टिकविण्यासाठी शरीर अस्थींतूनच उचल करीत असते. साध्या क्ष-किरण छायाचित्रातही सुमारे ३० टक्के खनिज नाहीसे झाल्यावरच ती स्पष्ट दिसते. तोवर किरकोळ पडण्याने खुब्याचे हाड मोडण्याची वेळ आलेली असते. मृत देहाचे रासायनिक पृथक्करण करता येते. जिवंत माणसाचे कसे करावयाचे?

या प्रश्नाचे एक उत्तर अणुविज्ञानाने दिले. न्यूट्रॉनांचा मारा केल्यास काही मूलद्रव्ये किरणोत्सर्गी बनतात व त्यांच्या किरणांवरून ती ओळखता येतात, हे १९३६ मध्ये हेवेशी आणि हिल्डे लेव्ही यांनी कोपनहेगन येथे दाखविले. हेच तत्त्व जिवंत माणसाला लावल्याचे निष्कर्ष १९६४ मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी प्रसिद्ध केले. पुढे अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत स्टँटन कोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीला नेमकेपणा आणला.

पाच मिनिटांचा मारा

निसर्गातील कॅल्शियमच्या दर हजार अणूंपैकी सुमारे दोन अणू ४८ भाराचे असतात. अशा अणूने न्यूट्रॉन ग्रहण केला की त्याचे कॅल्शियम-४९ बनते. त्याचे अर्धायुष्य अवघे ८.७ मिनिटांचे, म्हणून सारी धावपळ. ब्रुकहेवन येथे प्लुटोनियम-बेरिलियमच्या १४ उगमांमधून रुग्णाच्या सर्वांगावर सुमारे पाच मिनिटे न्यूट्रॉन सोडीत आणि त्याला लगोलग जाड भिंतींच्या मोजणी-कक्षात नेत. तेथे शरीराच्या वर व खाली बसविलेले ५४ संसूचक बाहेर पडणारे गॅमा किरण टिपीत. कॅल्शियमच्या किरणांची ऊर्जा ठराविक असते, सोडियम व क्लोरीन यांची निराळी. त्यामुळे एकाच मोजणीत अनेक मूलद्रव्यांचा हिशेब लागे. कॅल्शियमचे प्रमाण ठाऊक असलेल्या मानवाकृती पुतळ्यावर हीच क्रिया करून आकडा पडताळून घेत. चूक एक-दोन टक्क्यांच्या आत राही.

नायट्रोजनची गोष्ट वेगळी. न्यूट्रॉन ग्रहण करताच त्याचा अणुगर्भ तत्क्षणी किरण सोडतो, तेव्हा मोजणी मारा चालू असतानाच करावी लागते. मिळालेल्या आकड्याला ६.२५ ने गुणले की शरीरातील प्रथिनांचे वजन कळते. दीर्घ आजारात रुग्ण केवळ मेद गमावीत आहे की मांसही, हे वजनकाट्यावर कळत नाही, येथे कळते.

माणसाला किरणोत्सर्गी करावयाचे, ही कल्पना धास्ती वाटावी अशीच आहे. परंतु उत्पन्न होणारी किरणोत्सर्गिता अल्प असते. रेंगाळणाऱ्या सोडियम-२४ चेही अर्धायुष्य १५ तासांचेच आहे. ब्रुकहेवन येथील मात्रा ३०० मिलिरेमच्या आत, म्हणजे निसर्गतः वर्षभरात मिळणाऱ्या मात्रेच्या आसपास होती. तरीही न्यूट्रॉन क्ष-किरणांहून अधिक अपायकारक असल्याने ही तपासणी सरसकट करावयाची नव्हे.

कामगारांची मूत्रपिंडे

पद्धतीचा सर्वांत मोलाचा उपयोग कदाचित कारखान्यांच्या संदर्भात झाला असावा. कॅडमियमची धूळ व वाफ श्वासावाटे गेली की ती मूत्रपिंडांत साचते आणि दशकानुदशके तेथेच राहते. मूत्रातून प्रथिने जाऊ लागेपर्यंत हानी होऊन चुकलेली असते. कॅडमियम न्यूट्रॉन फार मोठ्या प्रमाणात शोषून घेते, म्हणून त्याचे मिलिग्रॅमांतील प्रमाणही मूत्रपिंडातच मोजता आले. अमेरिकेत धातू गाळणाऱ्या कामगारांची अशी तपासणी झाली. धूम्रपान करणाऱ्यांच्या मूत्रपिंडांत इतरांपेक्षा अधिक कॅडमियम असते, हेही या मोजणीत दिसून आले.

अस्थींच्या नित्य तपासणीसाठी १९८० च्या दशकाच्या अखेरीस दुहेरी ऊर्जेच्या क्ष-किरणांची यंत्रे आली. ती स्वस्त, सुटसुटीत व अत्यल्प मात्रेची असल्याने रुग्णालयांनी तीच स्वीकारली. न्यूट्रॉनांची पद्धत मोजक्या संशोधन केंद्रांपुरती उरली. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात तर सर्वांगाऐवजी केवळ हातावर मारा करून अस्थींत साचलेले ॲल्युमिनियम व मँगनीज मोजण्याचे तंत्र विकसित करण्यात आले.