आधी हेडफोन, मग हिशेबाने अँप

चांगला हेडफोन घ्यायचा म्हणून कोणी चौकशी सुरू केली, की चार दिवसांत त्याच्या हातात दोन याद्या पडतात. एक हेडफोनची. दुसरी अँप (अँप्लिफायर), डॅक (डिजिटल संकेताचं अॅनालॉग संकेतात रूपांतर करणारं उपकरण) आणि केबलची, आणि ती बहुधा पहिलीइतकीच महाग असते. या दुसऱ्या यादीतला बराचसा खर्च गैरसमजापोटी होतो. आवाजाचा स्वभाव ठरतो तो मुख्यतः हेडफोनमुळे. अँपने त्याला पुरेसं व्होल्टेज आणि पुरेसा करंट द्यावा, स्वतःची भर घालू नये, एवढंच त्याचं काम. आणि हे काम कोणतं अँप करू शकेल, हे खरेदीच्या आधी कागदावर काढता येतं.

गैरसमज : ओहम जास्त, म्हणजे हेडफोन चालवायला अवघड

वस्तुस्थिती : ओहममध्ये दिलेला इम्पीडन्स हा अर्धाच आकडा आहे. दुसरा अर्धा म्हणजे सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक वीज दिल्यावर हेडफोन किती मोठा वाजतो. दोन्ही एकत्र पाहिले तरच अर्थ लागतो.

सेनहायझरचा २००३ पासून चालत आलेला एचडी ६५० घ्या. इम्पीडन्स ३०० ओहम, आणि १ व्होल्ट दिला की १०३ डेसिबल. त्याच्यासमोर हायफायमॅनचा सुसवारा ठेवा : ६० ओहम, पण १ मिलिवॅटला जेमतेम ८३ डेसिबल. आता दोघांकडून क्षणिक शिखराला ११० डेसिबल हवेत असं धरू. सरासरी ८० डेसिबलवर ऐकणाऱ्याला मैफलीच्या रेकॉर्डिंगमधल्या जोरकस आघातांसाठी एवढी जागा भरपूर झाली. एचडी ६५० ला त्यासाठी सव्वादोन व्होल्ट आणि सुमारे १७ मिलिवॅट लागतात. सुसवाराला साडेपाच व्होल्ट, ५०० मिलिवॅट आणि ९० मिलिअँपिअरहून थोडा जास्त करंट. म्हणजे ओहम पाचपट कमी, आणि वीज तीसपट जास्त. ओहमकडे बघून अँप घेणारा इथे नेमका उलटा फसतो.

गैरसमज : माहितीपत्रकावरचे डेसिबलचे आकडे थेट एकमेकांशी ताडता येतात

वस्तुस्थिती : काही कंपन्या १ व्होल्टला किती डेसिबल ते छापतात, काही १ मिलिवॅटला किती ते. आकडा सारखा दिसला तरी अर्थ वेगळा. ३२ ओहमच्या हेडफोनला १ व्होल्ट दिला की ३१ मिलिवॅट होतात, म्हणून व्होल्टचा आकडा मिलिवॅटच्या आकड्यापेक्षा १५ डेसिबलने मोठा दिसतो. ३०० ओहमला हाच फरक पाच डेसिबलच्या आसपास राहतो. वर एचडी ६५० चे १०३ लिहिले ते व्होल्टच्या हिशेबाचे. मिलिवॅटच्या हिशेबाने ते ९८ च्या जवळ येतात. एकक दिलेलं नसेल तर तुलना करूच नये.

गैरसमज : फोनच्या डोंगलला भारी हेडफोन लावणं म्हणजे पैसे पाण्यात

वस्तुस्थिती : हे हेडफोनवर अवलंबून आहे. ॲपलच्या यूएसबी-सी डोंगलचं युरोपबाहेर मिळणारं मॉडेल सुमारे १ व्होल्ट देतं. एचडी ६५० साठी त्याचा अर्थ शिखराला १०३ डेसिबल. घरी शांतपणे ख्याल किंवा गझल ऐकणाऱ्याचं यात बहुतेकदा भागतं. जुनी, हळू आवाजात मुद्रित झालेली रेकॉर्डिंग्ज ऐकणाऱ्याला व्हॉल्यूम पूर्ण चढवूनही थोडी कमतरता भासेल; त्याने छोटं अँप जरूर घ्यावं. सुसवारा मात्र एका व्होल्टवर ९५ डेसिबलच्या वर जात नाही आणि करंटही जास्त मागतो. तिथे टेबलावरचं दमदार अँप ही खरी गरज आहे.

गैरसमज : जितके वॅट जास्त, तितका आवाज दर्जेदार

वस्तुस्थिती : वीज दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटायला १० डेसिबल, म्हणजे दहापट वीज लागते. एक वॅटचं अँप सोडून दोन वॅटचं घेतलं, तर हाती येतात ते हे तीन डेसिबल; गरज आधीच भागत असेल तर तेही वापरले जात नाहीत.

वॅट किती ओहमला मोजले आहेत, हेही पाहावं. ३२ ओहमला एक वॅट देणारं अँप ३०० ओहमला सुमारे १०० मिलिवॅटच देईल, कारण तिथे मर्यादा व्होल्टेजची येते. बॅलन्स्ड जोडणीचंही असंच. तिने व्होल्टेज जास्तीत जास्त दुप्पट होतं, म्हणजे ६ डेसिबलची वाढ मिळते. साध्या जोडणीवर अँप पुरं पडत असेल, तर केवळ त्या सहा डेसिबलसाठी वेगळी केबल आणि वेगळं अँप घेण्यात अर्थ नाही.

गैरसमज : दणका पुरला की जोडी जमली

वस्तुस्थिती : अँपचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स हा सगळ्यात दुर्लक्षित आकडा आहे, आणि ऐकू येईल असा खरा फरक बहुतेकदा तोच करतो.

हेडफोनचा इम्पीडन्स सगळ्या स्वरांना सारखा नसतो. एचडी ६५० चे ३०० ओहम हे नाममात्र. खर्जाच्या भागात ते ५०० च्या घरात चढतात. अँपचा आउटपुट इम्पीडन्स एक-दोन ओहम असेल तर याने काही बिघडत नाही. पण तो १२० ओहम असेल, जसा जुन्या रिसीव्हरच्या हेडफोन जॅकवर सर्रास आढळतो, तर खर्जाचा भाग बाकीच्यापेक्षा साधारण एक डेसिबलने वर उचलला जातो. तबल्यातला बायाँ थोडा फुगून येतो. काहींना तो ऊबदारपणा आवडतो, आणि बऱ्याच ट्यूब अँपच्या ज्या उबेचं कौतुक होतं त्यात या गणिताचाही वाटा असतो. आवडला तर खुशाल घ्यावा, पण ती भर आहे हे जाणून.

कानात घालायच्या, अनेक ड्रायव्हर असलेल्या इअरफोनमध्ये हाच प्रकार बिकट होतो. एखाद्याचा इम्पीडन्स ५ ते ४० ओहम असा वरखाली होत असेल, तर १० ओहमच्या आउटपुटवर त्याचा तोल सात डेसिबलहून जास्त ढळतो. तो मग वेगळाच इअरफोन होतो. उलट प्लॅनर हेडफोनचा इम्पीडन्स जवळपास सपाट असल्यामुळे त्यांच्या स्वराचा तोल सहसा ढळत नाही.

लक्षात ठेवायचा नियम सोपा आहे. अँपचा आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या इम्पीडन्सच्या आठव्या हिश्शापेक्षा कमी असावा. ३२ ओहमसाठी ४ च्या खाली, ३०० साठी ३७ च्या खाली.

गैरसमज : किंमत चढते तसा आवाजही चढतो

वस्तुस्थिती : २०१७ मध्ये येरोन ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनची मोजमापं तपासली. फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स आणि किंमत यांत त्यांना संबंध आढळला नाही. महाग हेडफोनमध्ये साहित्य, बांधणी, आराम आणि सुटे भाग मिळण्याची सोय नक्कीच चांगली असू शकते, आणि त्यासाठी पैसे मोजणं योग्यच आहे. पण स्वराचा तोल किंमतीच्या पट्टीवरून कळत नाही. तो ऐकूनच ठरवावा. तंबोऱ्याची जवारी सलग झंकारते की मधेच चरचरते, गायिका तारसप्तकात गेल्यावर आवाज टोचतो का, बायाँची मींड नीट उलगडते का, हे ओळखीच्या रेकॉर्डिंगवर पंधरा मिनिटांत समजतं.

ऐकताना जागेचाही विचार हवा. ओपन-बॅक हेडफोन मोकळा, प्रशस्त वाजतो, पण बाहेरचा आवाज अडवत नाही. रस्त्यालगतच्या घरात, पंखा चालू असताना त्याचे बारकावे गोंगाटात बुडतात, आणि माणूस नकळत व्हॉल्यूम वाढवतो. अशा घरात साधारण किंमतीचा क्लोज्ड-बॅकही जास्त समाधान देऊन जातो.

गैरसमज : हाय-रेझ फाइल आणि भारी केबल यांशिवाय हेडफोन खुलत नाही

वस्तुस्थिती : २००७ मध्ये मेयर आणि मोरान यांनी उच्च रेझोल्यूशनचं संगीत मूळ स्वरूपात आणि सीडीच्या दर्जावर, म्हणजे १६ बिट व ४४.१ किलोहर्ट्झवर उतरवून, ऐकणाऱ्यांना न सांगता ऐकवलं. ५५४ चाचण्यांपैकी २७६ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवूनही एवढीच आली असती. चांगलं मुद्रण आणि काळजीपूर्वक केलेलं मास्टरिंग यांचा फरक स्पष्ट ऐकू येतो; फाइलच्या आकाराचा नाही. केबल तुटकी किंवा सदोष नसेल, तर तिच्यावर जास्त पैसे घालून आवाज सुधारत नाही.

दोन अँप किंवा दोन केबल ताडताना दोन्हींची पातळी मल्टिमीटरने सारखी करून घ्यावी. अर्ध्या डेसिबलने मोठं वाजणारं कानाला ‘जास्त सुस्पष्ट’ वाटतं, आणि दुकानातले बरेच निर्णय तिथेच चुकतात.

शंभर तास वाजवून हेडफोन ‘मोकळा’ होतो, या समजालाही फारसा आधार नाही. त्या काळात बहुतेकदा आपला कान नव्या आवाजाला सरावतो. काळानुसार खरोखर बदलतात ते कानावरचे पॅड. ते दबले की ड्रायव्हर कानाच्या जवळ येतो, कडेची सील सुटते आणि खर्ज पातळ होतो. नव्या अँपच्या आधी नवे पॅड घालून पाहावेत.

खरेदीचा क्रम

आधी जागा आणि सवय पाहून ओपन की क्लोज्ड ते ठरवा. मग ऐकून, डोक्यावर तासभर वागवून हेडफोन निवडा. त्यानंतर त्याचा इम्पीडन्स आणि सेन्सिटिव्हिटी, एककासकट, लिहून घ्या आणि ११० डेसिबलला किती व्होल्ट व किती करंट लागतो ते काढा. हे भागवणारं आणि आठव्या हिश्शाच्या नियमात बसणारं जे सर्वांत साधं अँप असेल, ते घ्या. उरलेले पैसे चांगल्या रेकॉर्डिंगवर खर्च करा.

आणि कानाची मर्यादा पाळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणं सुरक्षित आहे. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ८९ डेसिबलवर आठवड्याचे पाचच तास उरतात. दमदार अँप हे शिखरं न तुटता वाजावीत म्हणून घ्यायचं, सरासरी आवाज चढवण्यासाठी नव्हे. हेडफोन बदलता येतो, गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.