गुढीपाडव्याच्या संध्याकाळचा अनोळखी उजेड

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भापासून खानदेशापर्यंत असंख्य लोकांनी आकाशातून जळत जाणाऱ्या गोळ्यांची रांग पाहिली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावी सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले, आसपास धातूचे गोळेही सापडले. पोलिसांनी ते ताब्यात घेतले आणि पाहणीसाठी इस्रोचे पथक आले. अशा उजेडाबद्दलचे काही समज या निमित्ताने तपासून पाहायला हवेत.

गैरसमज : ती उल्का होती.
वस्तुस्थिती : उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने येते आणि बहुधा काही क्षणांतच विझते. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू सेकंदाला साधारण ८ किलोमीटर वेगाने, अगदी तिरप्या कोनात वातावरणात शिरते. म्हणून ती बराच वेळ दिसते, तिचे तुकडे होतात आणि ते एकामागोमाग जळत जातात. पाडव्याला लोकांनी हेच पाहिले.

गैरसमज : आकाशातून पडलेले रॉकेट त्याच दिवशी उडालेले असणार.
वस्तुस्थिती : त्या संध्याकाळी न्यूझीलंडहून इलेक्ट्रॉन रॉकेट खरोखरच उडाले होते, त्यामुळे आधी संशय त्याच्यावर गेला. पण खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी कक्षेचा हिशेब मांडून दाखवले, की हा चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा असावा. ते रॉकेट फेब्रुवारी २०२१ मध्ये उडाले होते. म्हणजे हा टप्पा वर्षभराहून अधिक काळ पृथ्वीभोवती फिरत होता.

गैरसमज : उजेड आमच्या शिवारापलीकडेच उतरला.
वस्तुस्थिती : सुमारे ८० किलोमीटर उंचीवर जळणारी वस्तू शेकडो किलोमीटरवरूनही दिसते. क्षितिजाकडे जाताना ती शेजारच्या टेकडीमागे उतरल्यासारखी वाटते. त्यामुळे एकाच गावातल्या अंदाजावर ठिकाण ठरत नाही. दूरदूरच्या गावांतून दिसलेल्या दिशा जुळवाव्या लागतात.

गैरसमज : सरावलेला डोळा फसत नाही.
वस्तुस्थिती : २०१२ मध्ये लडाखच्या सीमेवर जवानांनी क्षितिजावरून वर येऊन काही तास आकाश ओलांडणारे पिवळसर गोळे वारंवार नोंदवले. चिनी ड्रोन असल्याचा संशय होता. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्या नोंदी ग्रहांच्या स्थानांशी पडताळल्या, तेव्हा ते गुरू आणि शुक्र निघाले. उंचावरच्या विरळ, स्वच्छ हवेत ग्रह फारच तेजस्वी दिसतात. यात जवानांचा कमीपणा नाही. त्यांनी इमानाने नोंदी ठेवल्या म्हणूनच उत्तर सापडले.

गैरसमज : ओळख पटली नाही, म्हणजे परग्रहवासीच.
वस्तुस्थिती : अमेरिकी हवाई दलाच्या ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ने १९६९ पर्यंत १२,६१८ नोंदी तपासल्या. त्यांतल्या ७०१ अनिर्णित राहिल्या. अनिर्णित याचा अर्थ एवढाच, की हाती असलेल्या माहितीवरून निष्कर्ष काढता आला नाही. तो परग्रहवासीयांचा पुरावा होत नाही.

गैरसमज : पडलेली वस्तू सापडेल त्याची.
वस्तुस्थिती : १९६७ च्या आंतरराष्ट्रीय अवकाश करारानुसार अवकाशयानाच्या भागांची मालकी ते पृथ्वीवर परतले तरी बदलत नाही. १९७२ च्या करारानुसार त्यांनी जमिनीवर केलेल्या नुकसानीची भरपाई प्रक्षेपण करणाऱ्या देशाने द्यायची असते. शिवाय रॉकेटच्या टाक्यांमध्ये विषारी इंधनाचा अंश असू शकतो. म्हणून हात न लावता पोलिसांना किंवा तहसीलदारांना कळवावे.

आकाशात काही अनोळखी दिसले, की नेमकी वेळ, दिशा, क्षितिजापासूनची उंची, ते किती वेळ दिसले आणि आवाज आला का, हे लगेच लिहून ठेवा. फोटो काढताना झाड किंवा घराचे छत चौकटीत येऊ द्या, म्हणजे दिशा आणि उंची मोजता येते. तपासाला खरा आधार अशा नोंदींचाच असतो. म्हणून प्रकाश पाहिल्याचे सांगणाऱ्याला हसू नका, त्याच्याकडून वेळ आणि दिशा विचारून घ्या.