मुलांची पोटगी आणि ब्रिटनमधील सरकारी अर्थसाह्य

ब्रिटनमध्ये मुलाचा एकट्याने सांभाळ करणाऱ्या पालकाला विभक्त जोडीदाराकडून मुलाच्या खर्चासाठी मिळणारी रक्कम ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ या सरकारी अर्थसाह्यासाठी उत्पन्न धरली जात नाही. दरमहा 200 पौंड मिळाले, तरी साह्यात एका पौंडाचीही कपात होत नाही.

पूर्वीची स्थिती वेगळी होती. 1993 मध्ये चाइल्ड सपोर्ट एजन्सी सुरू झाली, तेव्हा ‘इन्कम सपोर्ट’ घेणाऱ्या पालकाच्या साह्यातून पोटगीइतकी रक्कम कापली जाई. वडिलांनी दिलेला पैसा अखेर सरकारी तिजोरीचाच भार हलका करी. मुलाच्या वाट्याला वाढीव काहीच येत नसे. मग वडिलांनी तरी तो नियमितपणे का द्यावा? 2003 पासून नव्या प्रकरणांत आठवड्याला 10 पौंडांची, ऑक्टोबर 2008 पासून 20 पौंडांची सूट मिळाली. एप्रिल 2010 मध्ये संपूर्ण रक्कमच हिशेबातून वगळण्यात आली.

मराठीत दोन्ही रकमांना पोटगीच म्हणतात. तेथील नियमांत मात्र त्यांच्यात मोठे अंतर आहे. घटस्फोटानंतर जोडीदाराला स्वतःसाठी मिळणारी पोटगी उत्पन्न ठरते आणि ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ तितक्याच पौंडांनी घटते. त्यामुळे कोणती रक्कम कोणासाठी, हे न्यायालयाच्या आदेशात वा समझोत्यात स्पष्ट नमूद असणे महत्त्वाचे ठरते.

मुलाची पोटगी थकली, म्हणून अर्थसाह्य वाढतही नाही. वसुलीसाठी पालकाला चाइल्ड मेंटेनन्स सर्व्हिसकडे अर्ज करता येतो.